खिशातला प्लग

१२ ऑगस्ट
दुकानातून

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पिल्लं मजेत असाल. अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. कागद सारखा सरकतोय आणि धरायला दुसरा हात मोकळा नाही. फोनवर हे बोलता येत नाही, कारण बाबा दिवसभर समोरच असतात आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत.

बाबांचं बोट आता बरं आहे. बोट भाजलं एवढंच मी तुला कळवलं होतं. त्यावर तू लगेच उपदेश पाठवलास, "त्यांना कामात राहू दे, डोकं चालतं राहतं." तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय? रागावू नकोस. पण डोकं चालतं राहिलेलं नाही, दादा.

त्यांची पद्धत तुला आठवत असेल. दुरुस्तीला आलेलं काहीही उघडायचं झालं की आधी त्याचा प्लग काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचा, म्हणजे कुणी चुकून तो लावायला नको. आणि आत हात घालताना डावा हात पाठीमागे, म्हणजे झटका बसलाच तरी तो छातीतून जायला नको. मी काम शिकत होते तेव्हा एकदा म्हटलं, "द्या, प्लग मी धरते." तर डोळे वटारून म्हणाले, "आपला जीव दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो." तू तेव्हा किती खिदळला होतास.

बोट भाजलं त्या दिवशी गिऱ्हाइकाचा ॲम्प्लिफायर टेबलावर होता. बाबांनी खिसा चाचपला, डावा हात मागे नेला आणि मला म्हणाले, "पंखा का गं बंद पडला? उकडतंय." मी मान वर करेपर्यंत त्यांचा हात आत गेला होता. मी धावत जाऊन मेन स्विच ओढला. ते स्टुलावरून खाली कोसळले. खिशात टेबलफॅनचा प्लग होता. डावा हात सवयीनं मागे राहिला, म्हणून ते आज आहेत. मी फार घाबरले, दादा. अजून घाबरते.

मग त्यांच्या टेबलाच्या बोर्डाचा फ्यूज काढून मी पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी बटण दाबून ते म्हणाले, "लाईट गेली वाटतं." माझ्या टेबलावरचा दिवा लख्ख चालू होता. तेव्हापासून रोज ते त्या बंद टेबलापाशी लाईटची वाट बघत बसायचे. मला वाटलं, चला, त्यांना काही कळलेलं नाही.

आज सकाळी त्यांनी एक रेडिओ समोर ओढला, मला शेजारी बसवलं आणि त्याचा प्लग माझ्या हातात दिला. म्हणाले, "पर्समधला फ्यूज लाव आता, गिऱ्हाइकं खोळंबलीत. आणि हा तू धर."

तेव्हापासून मी इथेच बसून आहे. दर थोड्या वेळानं विचारतात, "आहे ना तुझ्याकडे?" मी म्हणते, "आहे, बाबा." मगच हात आत घालतात. माझी कामं तशीच पडलीत. उद्या मीच कुठे उठून गेले तर? कुणी हाक मारली आणि विसरले तर?

तू ये. पत्रातून सल्ले नकोत, तू स्वतः ये. त्यांना या टेबलावरून उठवायचं मला एकटीला जमणार नाही. आणि रोज असं बसणंही जमणार नाही.

डाव्या मुठीत बाबांना धरून बसलेली,
तुझी धाकटी