धाकटी बोलते आहे

१ फेब्रुवारी

बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर बसून मी माझ्या धाकट्या बहिणीच्या वेण्या घालायची, तेव्हा तिच्या तोंडाला खळ नसायचा. सिस्टर हसून म्हणायच्या, एक रिबन हिच्या जिभेलाही बांध. आज नव्या नोकरीच्या खुर्चीत टेकले आणि तेच आठवलं.

हृदयविकाराच्या डॉक्टरांचा हा दवाखाना मोठा प्रसन्न आहे. पिवळे पडदे, खिडकीत मनीप्लँट, बाकांवर स्वच्छ अभ्रे. माझं काम नावं पुकारायचं आणि फोन घ्यायचा. झाडलोटीच्या मावशी चहा देताना म्हणाल्या, बरं झालं बाई आलात, इथे सगळे छाती धरून गप्प बसतात, जीव उबतो नुसता.

मी कोण ते डॉक्टरांना ठाऊक नाही. गेल्या वर्षी छातीत दुखतं म्हणून धाकटी यांच्याकडेच आली होती. 'संशय आहे, महिन्याने बघू' म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. आठवड्याच्या आत तिने स्वतःला संपवलं. हा माणूस मला जवळून बघायचा आहे.

४ फेब्रुवारी

मावशींनी आज एका पेशंटबाईची गोष्ट सांगितली. वर्णन धाकटीचंच. मावशी तेव्हा आत फरशी पुसत होत्या. घाबरलेली बाई म्हणाली, डॉक्टर, मला आता... आणि यांनी घंटी दाबून पुढच्याला बोलावलं. बाई उठली, हसली, गेली.

संध्याकाळच्या प्रार्थनेत मी कुणासाठी क्षमा मागितली नाही. मागितलं ते एवढंच: याला तिचं ऐकू येऊ दे. सतत.

९ फेब्रुवारी

एका आजोबांच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावून डॉक्टर दचकले. काय म्हणालात, असं त्यांनाच विचारलं. आजोबा म्हणाले, मी श्वास धरून बसलोय, तुम्हीच सांगितलंत ना. दुपारी नवी नळी मागवली.

१२ फेब्रुवारी

नव्या नळीतही तेच. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, चेहरा राखेसारखा. म्हणाले, ठोके ऐकूच येत नाहीत हो, प्रत्येक छातीतून एक बाई बोलते. डॉक्टर, मला आता. डॉक्टर, मला आता. पुढे काहीच नाही.

मी पाणी दिलं. मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. शाब्बास, माझी चिमणी.

१५ फेब्रुवारी

डॉक्टर आता कुणालाच तपासत नाहीत. संशय आहे, पुढच्या महिन्यात या. सगळ्यांना हेच.

एक शिंपी आला होता. बायको गेलेली, घरी एकटा, मुलगी दुसऱ्या गावी. तोही तेवढंच ऐकून बाहेर आला. मला म्हणाला, लेकीच्या गळ्यात हे लोढणं कशाला बाई, आवरतं घेतलेलं बरं. आणि हसला.

मी आत धावले. डॉक्टर कानात बोटं घालून बसलेले. मी मोठ्याने म्हणाले, धाकटे, पुरे. याला त्या माणसाचं ऐकू दे.

टेबलावर पडलेली नळी बोलली. कानाला न लावताही मला ऐकू आलं — ताई, माझं कुणी ऐकलं?

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

शिंप्याला माझ्या खुर्चीत बसवलं. सरळच विचारलं — जीव द्यायचं मनात आहे का? पोरासारखा रडला. हो म्हणाला. खूप वेळ बोलला. मी ऐकलं. मुलीला फोन केला — निघाली आहे. मनाच्या डॉक्टरीणबाईंनाही — आजच आणा, त्याच्या औषधाच्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवा म्हणाल्या.

धाकटीला हे खपलेलं नाही. ती नळीत नाही आता. माझ्या बरगड्यांत — तिचा ठोका वेगळा, माझा वेगळा —

पाच वाजता

छाती आवळतेय. मावशी अॅम्ब्युलन्ससाठी — डॉक्टर दारात उभे. हातात नळी. पुढे येत नाहीत. मला तपासायचं तर तिला ऐकावं लागेल —

मावशी, हे वाचा. माझी खुर्ची ज्याला ऐकायला वेळ आहे त्याला. डॉक्टरांना काही नको, त्यांचं धाकटी देईल. शिंप्याच्या गोळ्या मुलीच्या हातात, त्याच्या नाही. ती येईपर्यंत त्याच्याजवळ बसा, त्याला एकट्याला —