टोक घासलेला गळ

रविवार, मार्गशीर्ष, सन १९५४. अंबड.

आज परत दुधना नदीवर गेल्तो. आपण जैन, मासा मरायला नको, म्हणून गळाचं टोक कानशीनं घासून टाकलंय. त्यावर दुकानातल्या रेशमानं मोरपिसाची खोटी माशी बांधली. काठावर जाळं सुकवणारा भोई हसला. "शेठ, टोकच न्हाई, मंग मासा अडकंल कसा?"

"अडकवायचा न्हाईच. फसतो का, तेवढंच बघायचंय."

आणि आला की! पाण्यात पांढरं पोट चमकलं, दोरी ताणली, सुटला. माशी खोटी आहे हे त्याला कधी कळलं असेल? तोंडात घेतल्यावरच? घरी येईस्तोवर हाच विचार.

पण खरं लिहायचं तर, तो सुटला तेव्हा माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. भोयानं बराबर ऐकलं. टोक तर मीच घासलं होतं. मंग अरेरे कशाला?