ओळ क्रमांक ४१७

७ नोव्हेंबर १९९४, सोमवार
लागलो बुवा एकदाचा कामाला! नौपाड्यात ऑफिस, डोक्यावर पंखा, समोर कॉम्प्युटर आणि चहा फुकट. टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगींना पाणी किती लागेल, याची पाहणी चाललीय. एका घराची एक ओळ. सोमवार ते रविवार, रोज घरात कितीजण असतात ते सात रकान्यांत भरायचं. आडवी बेरीज सॉफ्टवेअर करतं. आमच्या वरिष्ठ रतनताई म्हणाल्या, नवा माणूस आधी स्वतःच्या घराची ओळ भरून हात बसवतो आणि संध्याकाळी पुसून टाकतो. मी भरली, ओळ क्रमांक ४१७. सात वेळा एक. बेरीज सात.

पुसली मात्र नाही. टिटवाळ्याच्या आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेला मी एकटाच. संगमेश्वर सोडल्यापासून जेवलास का म्हणून कुणी विचारलेलं नाही. म्हटलं, राहू दे, कुठेतरी मोजलेला तर असेन.

९ नोव्हेंबर
माझ्या ओळीची बेरीज आठ! सोमवारच्या रकान्यात दोन. रतनताईंना विचारलं तर म्हणाल्या, बोट घसरतं रे, होतं असं. दुरुस्त केलं. घरी आलो तर सकाळी काठोकाठ भरलेली बादली अर्धी. गळत असणार, दुसरं काय!

१० नोव्हेंबर
बेरीज दहा. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्हीकडे दोन. खरं सांगू? घाबरलो, पण बरंही वाटलं. संध्याकाळी कुलूप काढताना उगाच म्हटलं, आलो रे. वेडाच आहे मी.

११ नोव्हेंबर
बेरीज अकरा. घरी ताट खरकटं. मी तर खानावळीत जेवतो.
ओळ पुसायला गेलो होतो. रतनताईंनी अडवलं. ज्यांची बेरीज सारखी बदलते त्या ओळींची यादी वर गेलीय, आता पाहणीवाला काळुराम घरोघरी जाऊन विचारणार, तो लिहील तो आकडा कायम. ती माझी सरावाची ओळ आहे, हे सांगायची लाज वाटली. काळुराम रविवारी येणार. येऊ दे बाबा. कुणीतरी येऊ दे.

१२ नोव्हेंबर
रतनताईंना दोनदा हाक मारली. मान वर केली नाही. चहावाला सगळ्यांना ग्लास देऊन गेला, मला नाही.
घरी दाढीचा ब्रश ओला. माझी दाढी चार दिवसांची —

१३ नोव्हेंबर, रविवार
काळुराम आला. दार वाजवतोय. मी ओ देतोय, त्याला ऐकूच जात नाही. कडी हाताला लागत नाहीये —

कडी निघाली. मी नाही काढली.

कितीजण राहता, विचारतोय. उत्तर गेलं. आवाज माझा. म्हणाला, एकच.

काळुराम लिहून घेतोय — अहो काळुराम, थांबा, मी पण आहे, इकडे बघा, आम्ही दो