काकांच्या कॉलरचा माईक

१ डिसेंबर, सोमवार

पुन्हा अडकला! नवरी आदिती हार घालायला हात उचलते आणि तिथंच थांबते. नवरदेव मान वाकवून उभा. मी चहा करून आले तरी दोघं तसेच. लॅपटॉपचा पंखा खालच्या पिठाच्या गिरणीपेक्षा मोठ्यानं ओरडतोय.

सगळी कृपा विश्वजितच्या नव्या कॅमेऱ्याची. आम्ही दोघं भागीदार — तो शूट करणार, मी एडिट. कॅमेरा घेऊन आला त्या दिवशी नवी मोटारसायकल आणल्यासारखा मिरवत होता. "फोर-के हाय! पावण्याच्या नाकावरचा घाम दिसतोय बघ." मला कुणाच्या नाकावरचा घाम बघायचा नाही. मला फिल्म पूर्ण करायची आहे, आणि इतकं जड फुटेज माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला ओढवत नाही.

उपायही त्याचाच. प्रॉक्सी! म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी, धुरकट नक्कल. कापाकापी सगळी नकलेवर करायची, शेवटी नक्कल काढून तिथं मूळ जोडायचं. नकला तो त्याच्या मशीनवर करून देणार. "उद्या देतो की!" म्हणाला. विश्वजितचा उद्या.

३ डिसेंबर, बुधवार

आल्या नकला. पळतंय! घोड्यासारखं पळतंय! आदितीनं एकदाचा हार घातला.

विश्वजितला फोन करून शाबासकी दिली. हे मी का केलं कोण जाणे. आता आठवडाभर ऐकावं लागेल. म्हणाला, "साईज लई कमी केलीय, आवाज बी एकाच बाजूचा ठेवलाय. उगच कशाला वजन?" बरं बाबा.

४ डिसेंबर, गुरुवार

आदिती स्वतः आली मुरगूडहून. नवरी मुलगी असं स्टुडिओत येऊन बसत नाही कधी — सासू येते, नाहीतर दीर येतो आणि ड्रोनचे शॉट वाढवा म्हणतो. ही खुर्चीच्या टोकावर बसली. मग म्हणाली, "ताई, एकच काम होतं. पप्पा माझ्याकडं बघताना कुठं सापडतात का, बघा की. एकाही फोटोत नाहीत ते."

खरंच नाहीत. सगळा अल्बम बघितला होता तिनं. वीस तारखेला ती नवऱ्याबरोबर, अरिहंतबरोबर, जर्मनीला चालली, कायमचीच म्हणायची. फिल्म त्याच्या आधी हवी. जाताना म्हणाली, "नसेल तर राहू दे. त्यांचा स्वभावच तसा आहे." राहू दे म्हणताना तिचा चेहरा मात्र राहू दे म्हणत नव्हता.

शोधते म्हटलं. शब्द दिलाय.

५ डिसेंबर, शुक्रवार

पार्श्वनाथकाकांचा — म्हणजे आदितीच्या पप्पांचा — फोन. मुरगूडात त्यांचं खता-बियाण्याचं दुकान आहे. फोनवरसुद्धा रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखं बोलतात.

"आवाज नीट आलाय न्हवं?"

"आलाय की काका."

"सगळा?"

"सगळा."

"बरं." ठेवला.

लोक विचारतात मुलगी कशी दिसते, हॉल कसा दिसतो. काकांना आवाजाची काळजी! कळलं मला. लग्नात त्यांनी माईकवर भाषण केलं होतं. आख्खं भाषण असं: "आलासा, बरं वाटलं. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या." बसले खाली. असलं भाषण पुसलं गेलं तर महाराष्ट्राचं केवढं नुकसान.

७ डिसेंबर, रविवार

दिवसभर काका शोधले. पंचाईत अशी की मुलीकडचे सगळे गुलाबी फेट्यात. आणि नकलेत गुलाबी फेटा म्हणजे गुलाबी ठिपका. ठिपका क्रमांक एक — काका? नाही, मामा. मागचा ठिपका? वाढपी! वाढप्याला कुणी फेटा बांधला?

जिथं नक्की काका आहेत तिथं त्यांची पाठ आहे. हार घालताना — पाठ, जेवणाच्या दाराकडं चाललेत. सप्तपदीला कुणाला तरी हाताला धरून पंगतीत नेतायत. जैनांचं लग्न, दिवस मावळल्यावर जेवण नाही. एवढा मांडव दिवसाउजेडी जेवला पाहिजे, आणि ती जबाबदारी जणू सूर्यानं काकांवर टाकलेली. रिसेप्शनला फोटोसाठी रांगेत उभ्या माणसांना ते रांगेतून उपटून नेतात! विश्वजितच्या पोजा मोडल्यात त्यांनी. मला आवडले काका. पण मुलीकडं बघत नाहीत ते नाहीतच.

८ डिसेंबर, सोमवार

काकांचा फोन. आवाज नीट आलाय न्हवं? आलाय, काका, आलाय.

११ डिसेंबर, गुरुवार

कापाकापी संपली. मोठ्या समाधानानं नकला काढल्या, मूळ फुटेज जोडायला दिलं. चालू केलं.

सनई वाजतेय. दार उघडतं. फुलांच्या चादरीखालून संथ पावलं टाकत येते — म्हैस!

शिंगं रंगवलेली. गळ्यात घुंगरू. पाठीवर मोरपिसं. पाठोपाठ दुसरी. सप्तपदीलाही म्हैस. काकांच्या "आलासा, बरं वाटलं"च्या जागी एका रेडकानं थेट कॅमेऱ्यात बघितलं.

नेमका त्याच वेळी काकांचा फोन! "कसं काय चाललंय?" समोर पडद्यावर एक म्हैस मागच्या दोन पायांवर उभी. म्हटलं, लई झोकात चाललंय काका.

विश्वजितला बोलावून घेतलं. तो बघत राहिला, मग म्हणाला, "ही हंबीररावची! पाडव्याची! काय चालती बघ." दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, तिथं हा गेलता शूटला. लग्नाआधी साहेबांनी कार्डं पुसली, क्लिपांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू. पहिली म्हैस आणि पहिली नवरी दोघींचं नाव एकच! आणि फोल्डरांची नावं — "नवीन", "नवीन नवीन", "हेच खरं". म्हशी "हेच खरं"मध्ये होत्या.

"नावं काय ठेवायची असत्यात, मला ठाऊक असतंय की सगळं," म्हणाला. दिसलं ते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

म्हशींना वेगळ्या डिस्कवर नेऊन बांधलं. आता फक्त लग्न. जोडायला गेले तर मशीन म्हणतं, नाही जोडत! आवाजाचे ट्रॅक जुळत नाहीत. मूळ क्लिपला दोन, नकलेला एक.

म्हशींना मात्र काल निमूट घेतलं. कारण पाडव्याला आवाज एकच होता, कॅमेऱ्याचा. मग लग्नात दुसरा कुठला?

विश्वजित कान खाजवत म्हणाला, "त्यो कॉलरमाईक. काकास्नी लावलता भाषनाला. नकला करताना गाळला मी, म्हनलं भाषन तर कॅमेऱ्याच्या आवाजात बी हायच."

"आणि भाषण झाल्यावर काढला नाहीस?"

"ते थांबत्यात व्हय कुटं! पळतच हुते. पन बटन दाखवलंतं मी त्यास्नी. लाल दिवा हाय तवर चालू, बंद करायचं तर हितं दाबा, म्हनून."

विश्वजित सांगतो म्हणजे निम्मं मनात सांगतो. म्हणजे काका दिवसभर माईक लावून फिरले आणि त्यांना पत्ताच नाही! एवढ्या दिवसांत इतकी हसले नव्हते.

सगळ्या नकला पुन्हा करायला सांगितल्या, दोन्ही आवाजांसकट. "उद्या देतो" म्हणाला, आणि मी असं बघितलं की आजच बसला.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळपासून कानाला हेडफोन. फक्त दुसरा आवाज. काका!

"मठ्ठा कुटं गेला?" "आक्का, तुमी बसा, पोरास्नी मी घेतो." "ओ पावणं, फोटू काय पळून जातोय? दिवस पळाय लागलाय!" आचाऱ्याशी भांडण. भाताशी भांडण. विश्वजितबद्दल, तो जवळच असताना: "ह्यो कॅमेऱ्याचा पोरगा कवाधरनं नुसतं हात वर करा, खाली करा करतोय." ही क्लिप मी जन्मभर जपणार आहे.

मग रिसेप्शन संपत आलं. बायांपैकी कुणीतरी विचारते, "दादा, तुमचं जेवान?" काका म्हणतात, "ऱ्हाऊंदे. मावळला की दिवस. आता सकाळी."

मग गलका लांब गेला. खुर्ची ओढल्याचा आवाज. बराच वेळ नुसता श्वास.

"आदू."

मी हसायच्या तयारीत होते. पुढचं ऐकलं, आणि हेडफोन काढून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग परत येऊन लिहून घेतलं, शब्दाला शब्द.

"आदू. मला त्ये स्टेजवर येऊन उबारायला जमत न्हाई. तू बारकी हुतीस तवा पोत्याच्या काट्यावर बसवून वजन करायचो तुझं. दर वाढदिवसाला. आटवतंय? मग धाव्वीला म्हनलीस, पप्पा, लोकं बगत्यात. तवापास्नं न्हाई केलं. काटा हाय अजून तसाच, कोपऱ्यात... तिकडं म्हनं थंडीत चार वाजताच दिवस मावळतोय. मग कवा जेवनार तू? म्हंजे, जेवत जा. मावळला तरी जेव. मी म्हनतोय म्हनून जेव... लई चांगली दिसतीस आज. बगतोय मी हितनं."

पुढं पुन्हा मोठ्यानं: "ए, त्या खुर्च्या आत घ्या!"

बगतोय मी हितनं — कुठून? त्याच क्षणाचं मूळ चित्र उघडलं. स्टेजसमोर ठेवलेला कॅमेरा, सगळा हॉल दिसतो. नकलेत हा तुकडा दहादा बघितला होता. आता एकेक कोपरा मोठा केला. डावीकडं, रचलेल्या खुर्च्यांमागं, खांबाला टेकून एक गुलाबी फेटा. वाढताना मध्ये येऊ नये म्हणून शेमला खिशात खोचलेला. आणि बघतायत. सरळ तिच्याकडं. विश्वजित, तुझ्या कॅमेऱ्याला मी पुन्हा नावं ठेवणार नाही. निदान या महिन्यात.

रडले. गिरणी चालू होती, खाली ऐकू गेलं नसेल.

१५ डिसेंबर, सोमवार

ठेवायचं की नाही?

विश्वजितला ऐकवलं. म्हणाला, "हे चोरून ऐकल्यागत झालं गं. त्यास्नी काय ठाऊक माईक चालू हाय." तेच तर! माणूस एकटा उभा राहून मनातलं बोलला. ते उचलून फिल्ममध्ये घालायचं, सगळ्या पाहुण्यांसमोर? ज्या माणसाला स्टेजवर उभं राहायला जमत नाही, त्याचं?

आणि नाही घातलं तर आदिती जाणार "त्यांचा स्वभावच तसा आहे" म्हणत.

नुसतं चित्र ठेवू, आवाज नको? विश्वजित म्हणतो, "तसं कर." मला पटत नाही. दिसतील, पण बोलायचं राहूनच जाईल.

विचारायलाच हवं त्यांना. दोनदा फोन हातात घेतला. काय म्हणू? काका, मी तुमचं चोरून ऐकलं?

१६ डिसेंबर, मंगळवार

त्यांचाच आला. "आवाज नीट आलाय न्हवं?"

आलाय म्हटलं, हळू. पलीकडून, "बरं, बरं. येतो मी उद्या."

आता म्हशी परवडल्या म्हणायची वेळ!

१७ डिसेंबर, बुधवार

आले. स्वच्छ शर्ट, हातात काकवीची बरणी. बसा म्हटलं तर उभेच. मी मान खाली घालून एका दमात सांगितलं — काका, माफ करा, भाषणानंतर तुमचा माईक चालूच राहिला होता, आम्हांला सगळं ऐकू आलं, तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते.

त्यांनी बरणी टेबलावर ठेवली, नीट, मध्यभागी.

"ऱ्हायला न्हवता, पोरी. त्या पोरानं बटन दावलंतं की मला. म्या चालू ठेवलाता."

मग दारातून वळून, अगदी हळू आवाजात: "तिनं तिकडं गेल्यावर बगू दे. हितं नको."