डबा वर, झाकण खाली

सोमवार, ४ तारीख

सोसायटीची सेक्रेटरी व्हायला होकार दिला तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! सणाला अजून दोन आठवडे, आणि जिन्याखालचं कचऱ्याचं पिंप आत्ताच ओसंडतंय. सगळे मिठाईचे खोके. एक उघडून पाहिला (उत्सुकता नव्हे, कर्तव्य). खोक्यात खोका, त्यात सोनेरी कागद, त्यात प्लास्टिकचा साचा, साच्यात प्रत्येक तुकड्याला झालरीची वाटी. मिठाई केवढी? तळहातावर मावेल एवढी. नाकापेक्षा मोती जड!

भंगारवाला म्हणतो, "साधा पुठ्ठा घेतो बाई. ही चमक चिकटवलेला नको, तो पुढं कुणी घेत नाही." साधा पुठ्ठा आमच्याकडे कोण देतो? शोभा जाते ना!

बुधवार, ६

कचऱ्यावर सभा. अल्पोपाहार खजिनदारांकडे होता — माणशी एक खोका, खोक्यात पिशवी, पिशवीत तीन बिस्किटं! सगळ्यांनी खोके टराटरा फाडत खोक्यांचा निषेध केला. माझा ठराव एकमतानं पास: यंदा खोके बंद. गोड द्यायचं तर घरच्या डब्यातून.

वरच्या मजल्यावरच्या आमच्या थोरल्या जाऊबाई मागच्या खुर्चीत होत्या. त्यांनीही हात वर केला. माझ्याकडे न बघता, पण केला!

घरी आल्यावर हे म्हणाले, "ठराव झाला झकास. आपला मोठा डबा कुठाय? आईचा?"

माहीत असून विचारतात. सासूबाई गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली, त्या दिवशी जाऊबाई आणि मी अशा काही भांडलो की डबा घेऊन त्या तरातरा वर गेल्या आणि झाकण माझ्या हातात राहिलं. मागायला त्या खाली येईनात, द्यायला मी वर जाईना. बोलणं बंद झालं ते आजतागायत. झाकणात मी लसूण ठेवते.

शनिवार, ९

दुकानात दुसरा डबा नेला. दुकानदारानं मिठाई आधी खोक्यात भरली, वजन केलं, मग खोक्यातून माझ्या डब्यात घातली आणि खोका फेकून दिला. वर डबा प्लास्टिकच्या पिशवीत! "ताई, तुमचा डबा खराब नको व्हायला."



मंगळवार, १२

पिंप रिकामं!! दोनदा खाली जाऊन बघून आले. हे म्हणाले, "दृष्ट लागेल, सारखी बघू नकोस."

गुरुवार, १४

एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. आपल्या माणसांना रिकामा डबा परत करवत नाही. मी समोरच्या हेडमास्तरांकडे चार तुकडे केक दिला. डबा आला गळ्यापर्यंत बिस्किटं घेऊन. आता आपली लाज राखायला आपण पुन्हा पाठवायचं. मग ते पुन्हा. सगळ्या जिन्यात हेच चाललंय — हा वर, तो खाली, झाकणांचा नुसता खडखडाट.

खोका बरा होता, फेकला की विषय संपला. डबा मेला विषय संपूच देत नाही.

शनिवार, १६

तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी अडवलं. "तुमचा कचरा कमी झाला, माझे पेशंट वाढले!" ह्यांचीही साखर वाढलीय. हेडमास्तर मला लांबून बघूनच दार लावून घेतात. खजिनदारांच्या सुनेनं तर हात जोडले — "काकू, खोकेच बरे होते हो!"

सगळ्या दारांत डबे पोचवले मी. एकाच दारात गेले नाही. हे इथे लिहायला हरकत नाही: मला जाऊबाईंची फार आठवण येते. नव्या नवऱ्या होतो तेव्हा दुपारी त्याच डब्यातलं दोघी चोरून खायचो. झाकण फार वाजायचं. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी झाकण काढायचे आणि त्या मोठ्यानं खोकायच्या. सासूबाई त्यांना काढा पाजायच्या. बिचाऱ्या मुकाट प्यायच्या!

रविवार, १७

नोटीस लावली. "यापुढे डबे रिकामेच परत करावेत. राग मानू नये. — सेक्रेटरी."

हे म्हणाले, "नोटिशीनं माणसं बदलली असती तर तुम्ही दोघी कधीच बोलल्या असतात."

संध्याकाळपर्यंत तीन डबे आले. तिन्हींत चमचा-चमचा साखर. "अगदीच रिकामा कसा द्यायचा!"

सोमवार, १८. सणाचा दिवस

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी सासूबाईंचा डबा! तोच. कडेला पोचा आहे, माझ्याच हातून पडला होता. झाकण अर्थातच नाही. आत काही नाही. घासून लख्ख केलेला.

हे म्हणाले, "रिकामा? आजच्या दिवशी? म्हणजे तोडलंनच म्हणायचं." मला रडूच फुटलं. सगळ्या इमारतीत नोटीस पाळली ती नेमकी त्यांनी!

दुपारी भांडी घासताना एकदम थबकले. परत करायला तो डबा मी त्यांना दिला होता कधी? हा परत आलेला नाहीच. हा भरायला आलाय.

सोमवार, संध्याकाळ

लसूण ओतला, झाकण घासलं. डबा गळ्यापर्यंत भरला. नोटीस गेली खड्ड्यात. वर गेले. बेल दाबायचा धीर होईना. झाकण जरासं उचलून डब्यावर आपटलं.

आतून जाऊबाई मोठ्यानं खोकल्या.