मिटलेल्या ओठांची अक्षरं

प्रिय ताई,

तुझा फोन आला की दर वेळी मी आंघोळीलाच गेलेला असतो, म्हणून तू चिडली आहेस असं ही म्हणाली. इतक्या आंघोळी करणारा माणूस एव्हाना झिजून गेला असता. खरं ते सांगतो. लहानपणच्या तापात डावा कान गेला होता, आता उजवाही गेला. यंत्र लावतो, पण त्यातून पंखा ऐकू येतो, माणूस नाही. तू मला कानसेन म्हणून चिडवायचीस. आता चिडवायचं तर समोर येऊन बसावं लागेल.

ऑफिस रडतखडत चालू आहे. अशिलाची खुर्ची मी खिडकीकडे तोंड करून ठेवली आहे, म्हणजे उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ वाचता येतात. झुपकेदार मिशांचा माणूस आला की ओठच दिसत नाहीत. टायपिस्टबाई शेजारी बसून त्याचं बोलणं टाइप करत जातात आणि मी पडद्यावर एक डोळा ठेवून माना डोलावतो. वकीलसाहेब किती शांतपणे ऐकून घेतात, असं लोक म्हणतात. कोर्टात मात्र बाई नसतात. न्यायाधीश कागदात डोकं घालून बोलले की मी अंदाजाने होय म्हणतो. हे कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्या वकिलाची पायरी कोण चढणार?

मागच्या महिन्यात एका रंगाऱ्याची केस होती. घरं रंगवतो, नखांत कायम चुना. त्याची बायको वारली तेव्हा सात वर्षांच्या मुलीला तिचा मामा चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला, तो परत पाठवायचं नावच घेईना. आम्ही तिचा ताबा मागितला. पोरीच्या पाठीवर वळ दिसले होते. बाप तिला अधूनमधून भेटायचा, म्हणून मारतं कोण हे विचारायला न्यायाधीशांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. आत आम्ही दोघे वकील, बाप बाहेर बाकावर. मी मुद्दाम तिच्या समोरची खुर्ची धरली. ती एकच शब्द बोलली, तोही सरळ माझ्याकडे बघून. मला तो 'बाबा' दिसला.

आरशासमोर उभी राहून म्हणून बघ. बाबा, मामा. ओठ तसेच मिटतात, तसेच उघडतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही गं. पण मामाने पोरीला पढवून आणलं असणार, असं मी आधीच धरून चाललो होतो. ताडकन उठलो आणि जन्मात बोललो नसेन इतकं चांगलं बोललो. मूल शिकवलेलं आहे, खोटं बोलतं आहे, तिचा शब्द धरू नये. न्यायाधीश माझ्याकडे बघतच राहिले. समोरच्या वकिलाने लगेच आपली हरकत नसल्याचं सांगितलं. पोरगीही बघत होती.

निकाल मामाच्या बाजूने लागला. जिन्यात समोरच्या वकिलाने माझा हात हातात घेतला आणि हसत म्हणाला, 'माझ्या अशिलाविरुद्धचा जबाब तुम्हीच मोडीत काढलात, असे उपकार कोण करतं?' ते मात्र मला अक्षर न् अक्षर कळलं.

रंगारी अजून येतो. आत काय झालं ते त्याला माहीत नाही. मी जीव तोडून बोललो असं कोणीतरी त्याला सांगितलं आहे, म्हणून हात जोडतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. परवा तो शाळेच्या फाटकाशी मुलीला भेटून आला. ती आता काही बोलतच नाही म्हणाला, नुसती मान हलवते.

अपील तू वकिली करतेस त्याच कोर्टात येईल. तू घे, नाहीतर तुझ्या भरवशाच्या कोणाला दे. पण पहिला मुद्दा असाच असू दे की बापाचा वकील ठार बहिरा होता आणि त्याने ते कोर्टापासून लपवलं. भाऊ म्हणून शब्द मऊ करू नकोस. माझी सनद गेली तर जाऊ दे. रंगाऱ्याला उद्या मीच सांगणार आहे, आणि तो काय म्हणेल ते त्याच्या तोंडाकडे बघून वाचणार आहे. निकाल फिरेल अशी मला आशा वाटत नाही. तोवर पोरगी मामाकडेच राहणार, आणि पुन्हा कोणी विचारलंच, तर ती सांगणार नाही. एकदा तिने सांगून पाहिलं आहे.

तुझाच,
धाकटा