कोरड्या ओहोळातली मुरी

बाबा, आज कोरड्या ओहोळात जिवंत मुरी सापडली. एक नाही, चार. बोटाएवढ्या, पिवळसर, अंगावर काळे ठिपके, तोंडाशी बारीक मिशा. मी भर दुपारी एकटाच एवढ्या जोरात ओरडलो की पलीकडे लाकडं गोळा करणारी बाई धावत आली. तिला वाटलं साप चावला. मी तिला मासा दाखवला, तर म्हणाली, “एवढ्याशासाठी?” आणि गेली.

तुम्ही गेल्यावर मी काय उद्योग लावून घेतलाय ते तुम्हाला ठाऊक नाही. आनंदनगरच्या कारखान्यात मी फिटर आहेच. पण शुक्रवारच्या सुट्टीला बदलापूरच्या पलीकडचे, डोंगरातून येणारे ओहोळ फिरतो आणि त्यांचे प्रकार लावतो. पुस्तकांत जाती लावणं म्हणतात, पण तो शब्द तुम्हाला चालला नसता, म्हणून वहीत मी प्रकार लिहितो. तळ कातळाचा, गोट्यांचा की गाळाचा, उतार किती, सावली किती, पाणी किती महिने, आणि आत कोण कोण राहतं. इंग्रजी पुस्तकं मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचली, तेव्हा हे जमलं. आपल्या कॅम्प एकच्या बाजारात ओहोळाच्या पाण्यासाठी थर्मामीटर घेताना सिंधी दुकानदार म्हणाला, “साईं, मछली को बुखार है क्या?” तुमची सून म्हणते, “मोरीतला नळ बारा महिने गळतो, त्याला कुठल्या प्रकारात टाकलंत?” कॉलेजातल्या एक मॅडम ओहोळांची यादी करतात. त्यांनी वही चाळून विचारलं, “एम.एस्सी. कुठून केलंत?” मी म्हटलं, “कॅम्प एक, दहावी नापास.” छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

ही सगळी खटपट कशासाठी, तर प्रत्येक प्रकारातला निदान एक ओहोळ राखायचा. नाहीतर लोक दिसायला देखणे, धबधब्याचे तेवढे राखतात, आणि गाळातला मासा गाळासकट जातो. मॅडमची यादी सोमवारी नगरपालिकेत जायची आहे. नव्या रस्त्याखाली कुठला ओहोळ पाइपात घालायचा आणि कुठला उघडा ठेवायचा, ते ती बघून ठरणार. तुमच्या गावामागचा ओहोळ मी पाचव्या प्रकारात टाकला होता. उन्हाळ्यात कोरडा, जीव नाही. दोन उन्हाळे टेप लावून मोजला, फोटो काढले. मापात एका इंचाची चूक नव्हती. काल मॅडमचा फोन आला, “दादा, हा पाइपात जातोय. चालेल ना?” मी म्हटलं, चालेल.

फोन ठेवला आणि वही परत उघडली. मग तो दिवस आठवला. असाच उन्हाळा, मी बावीस वर्षांचा. तुमच्या रंगाच्या कारखान्याला सुट्टी आहे, तरी नखं निळीच. तुम्ही त्याच ओहोळात उतरता, मी काठावरच उभा. मी म्हणतो, “बाबा, इथे काय ठेवलंय? सुकलाय हा.” तुम्ही एकदम भडकता. “सुकला? उभ्यानं बघून सांगतोस व्हय? बस खाली!” तुम्ही गोटे बाजूला सारता, वाळूत कोपरापर्यंत हात घालता, आणि खड्ड्यात गार पाणी चढतं. “खालून चाललंय ते. तुला विचारून चालंल का?” हातात एक मुरी वळवळते. तुम्ही ती परत वाळूत सोडता. म्हणता, “पावसात वरच्या डोहात हीच चढते.” बाबा, त्या दिवसाचं मला इतकी वर्षं फक्त तुमचं ओरडणं लक्षात होतं. त्याचाच राग धरून बसलो, आणि पाणी विसरलो.

आज सकाळीच गेलो. पहिला खड्डा कोरडा, दुसरा कोरडा. दुपारी तिसऱ्यात वाळू ओली लागली, आणि हातभर खाली पाणी. थर्मामीटर घातला, आणि वाळूत काहीतरी सळसळलं. तिथूनच मॅडमना फोन लावला. “चालणार नाही मॅडम! हा पाचवा नाही, नवाच, सहावा प्रकार आहे. पाणी तळाखालून वाहतं. पाइपासाठी खणलं की तळच गेला.”

“दादा, यादी टाइप झालीय हो.”

“परत टाइप करा. चूक माझी आहे, तसं लिहा.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “असा दुसरा कुठे आहे?”

“मी बघितलेल्यात एकही नाही.”

“मग हा पहिल्या नंबरला घालते. फॉर्म पाठवा, आत्ता.”

तिथेच गोट्यांवर बसून मोबाईलवर फॉर्म भरला. हात वाळूचेच होते. पाठवला आणि एकटाच हसत बसलो. ओहोळ वाचेल बाबा, मला तसं वाटतंय.

फक्त त्या फॉर्मात एक रकाना होता, ‘ही माहिती प्रथम कोणाकडून मिळाली?’ त्यात मी माझं नाव घातलं. विचारसुद्धा केला नाही. घरी आल्यावर लक्षात आलं. मॅडमना एक फोन केला की दुरुस्त होईल, तो नंबर समोरच आहे. तो लावायचा सोडून मी संध्याकाळभर तुम्हाला हे लिहितोय, जे कुठेच पाठवायचं नाही.